तळहाताएवढी कोरी जागा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. तुमच्या वर्गात टांगलेला, गुळगुळीत कागदावर छापलेला नकाशा डोळ्यांपुढे आणू नका. मी कापडाचा आहे. खाटेएवढा लांब, त्याहून थोडा अरुंद, आणि माझ्या अंगावर एक अख्खे जंगल आहे. ऐकायला हे मोठे भारदस्त वाटते. पण स्वभावाने मी पक्का भित्रा, हे आधीच सांगून टाकलेले बरे. मला उंदरांची धास्ती वाटते, ओलीची वाटते, आणि हातात चहाचा कप घेऊन कुणी माझ्यावर वाकले की माझा धागा न् धागा आक्रसतो. इतके मोठे जंगल अंगावर वागवणाऱ्याने असे घाबरट असावे का, असे तुम्ही विचाराल. पण नकाशाला पळता येत नाही की ओरडता येत नाही. जो उलगडेल त्याच्यापुढे अंग पसरून पडायचे, एवढेच त्याच्या हाती असते. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही घाबरला असता.

जन्मतः मी नकाशा नव्हतो. डोंगराच्या पायथ्याशी जिथे मोटार थांबते, तिथल्या एका दुकानाच्या दारावर मी ऊन अडवत असे. जाड, पांढरट, अंगाने दणकट. दुकानदाराने नवे पत्रे घातले आणि मला गुंडाळून कोपऱ्यात फेकले. तिथून मला एका बाईने मागून नेले. तिचे वय चांगले तिशीचे होते. पण तिच्या वस्तीत लहानथोर सगळे तिला ‘लेक’च म्हणत, कारण ती राखणदाराची लेक होती. राखणदार कोण, ते पुढे सांगतो. आधी ती वस्ती कसली होती ते ऐका.

वर डोंगरात राहणारी ती माणसे किती पिढ्यांपासून तिथे होती, हे त्यांनाही सांगता आले नसते. ते जंगल त्यांनीच सांभाळले होते. कुठला भाग यंदा तोडायचा, कुठला सात वर्षे बंद ठेवायचा, कुठल्या ओढ्यात मासे धरायचे आणि कुठल्या महिन्यांत धरायचे नाहीत, हे सगळे ठरलेले होते आणि पाळलेही जात होते. बंद भागाच्या वाटेवर दगडांना गेरूच्या खुणा करणे हे लेकीचे काम. पण हे नियम माणसांच्या तोंडी होते. सरकारी दप्तरात त्या जंगलाला राखणाराच नव्हता. जे कुणाचेच नाही ते कुणालाही देऊन टाकता येते, आणि समोरचे दोन डोंगर असेच देऊन झाले होते. वस्तीच्या अंगणात उभे राहिले की ते दिसत. अर्धे कापलेले, धुळीने माखलेले. तिथे खडी काढत. वाऱ्याची दिशा बदलली की यंत्रांचा आवाज वस्तीपर्यंत येई आणि बायाबापड्या बोलता बोलता गप्प होत.

मग एक नवा कायदा झाला. जे जंगल तिथल्या मूळच्या रहिवाशांनी आपल्या रीतीने राखले आहे, ते त्यांच्या नावाने दप्तरात नोंदवता येईल; त्यांच्या संमतीवाचून तिथे कुणाला कुदळ मारता येणार नाही. हे सांगायला शहरातून एक वकीलबाई चढून आल्या. केसांत पेन्सिल खोचलेली, टाचांना फोड आलेले, पण बोलणे खणखणीत.

“कायदा तुमच्या बाजूचा आहे,” त्या म्हणाल्या. “पण त्याला कागद दाखवावा लागतो. मला तुमच्या जंगलाचा नकाशा द्या.”

“नकाशा कशाला? आम्ही चालून दाखवतो की,” एक म्हातारा म्हणाला. प्रत्येक गोष्टीत खोट काढायची त्याला सवय होती, म्हणून सगळे त्याला कुरकुऱ्या म्हणत.

“साहेबांचे गुडघे दुखतात, काका,” वकीलबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

असा मी नकाशा झालो. बैठकीच्या घरात, सारवलेल्या जमिनीवर मला ताणून बसवले. खळ लावून माझे अंग कडक केले. गेरू, काजळी, पिवळी माती, पानांचा रस असे रंग वाट्यांतून मांडले. निळा रंग कुठेच मिळेना, म्हणून ओढ्यांसाठी शाईची बाटली आणली. लेक माझ्यावर गुडघे टेकून बसली आणि वस्ती भोवती दाटीवाटीने उभी राहिली. चार दिवस हे काम चालले होते. जो तो सांगत होता आणि दुसरा त्याला खोडून काढत होता.

“इथं अस्वलाची वाट काढ,” एक काकू म्हणाली.

“ती तुझ्या सासऱ्याची वाट. अस्वलाची पलीकडं,” कुरकुऱ्या म्हणाला. “दोघांच्या चालीत फरक नव्हता, म्हणून तुझा घोळ होतो.”

माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. अंगावर वाटा उमटत होत्या, झाडे उगवत होती. मीसुद्धा कुणीतरी आहे, असे मला पहिल्यांदा वाटले.

चौथ्या दिवशी लेकीचा कुंचला मधोमध आला आणि थबकला. खोलीतला गलका एकदम थांबला. गर्दीतून एक उंच, किडकिडीत म्हातारा पुढे आला. हाच राखणदार, तिचा बाप.

मित्रांनो, त्या जंगलाच्या पोटात एक जागा होती. तिला नाव नव्हते. बोलायची वेळच आली तर माणसे आवाज उतरवून ‘आतलं’ म्हणत. ‘आतल्यात’ कुणी जात नसे. तिच्याकडे बोट दाखवत नसत. तिथल्या झाडाची काडीही उचलत नसत. फक्त राखणदाराने वर्षातून एकदा आत जायचे, लोखंडाचा तुकडाही जवळ न ठेवता, आणि बाहेर आल्यावर काय पाहिले ते कुणालाही सांगायचे नाही. परक्याने विचारले तर सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचे, हे पोरांना बोलायला शिकवतानाच शिकवत.

“बाबा, इथं काय काढू?” लेकीने विचारले.

“इथं रंग लावायचा नाही.”

“वकीलबाई विचारतील.”

“विचारू दे. आपण काय सांगतो?”

“तिथं काही नाही.”

“हां. मग झालं तर.”

लेकीने कुंचला उचलला आणि ती जागा तशीच सोडून दिली. माझ्या अंगावर सगळीकडे रंग वाळून कापड ताणले गेले. ती तळहाताएवढी जागा तेवढी त्यामानाने मऊ आणि सैल राहिली. त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. कशाची, ते तेव्हा कळले नाही. थंडीत पांघरूण सरकावे आणि उघड्या पडलेल्या पाठीला गारवा झोंबावा, तसे काहीसे वाटले.

मला पाण्याच्या पाइपच्या तुकड्यात गुंडाळून शहरात नेले. पाइपची दोन्ही तोंडे चिंध्यांनी बंद केली होती. आत अंधार, आणि बाहेर मोटारींचा गोंगाट. कचेरीत मला मोठ्या टेबलावर पसरले तेव्हा कारकून आपापली कामे टाकून बघायला आले. “काय सुरेख काम आहे हो!” “बाई, हे तुम्ही काढलंत?” एकाने तर फोनवर माझा फोटो काढला. खोटे कशाला बोलू, मी फुशारलो. लेकही कानापर्यंत लाल झाली.

मग सुनावणीचे साहेब आले. जाड भिंगांचा चष्मा, हळू आणि नेमके बोलणे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी माझ्यावरून बोट फिरवले, एकेक वाट, एकेक ओढा विचारला, आणि ते बोट फिरत फिरत मधोमध येऊन टेकले. वस्तीतली जी चार माणसे आली होती, त्यांनी एकदम माना खाली घातल्या. तिथे बोट टेकवलेले त्यांनी जन्मात पाहिले नव्हते.

“हे रिकामं का ठेवलंय? इथे काय आहे?”

साहेबांनी पुन्हा विचारले. मग राखणदार उभा राहिला. चाळीस वर्षे तो ज्या उत्तराची राखण करत होता, ते त्याने अगदी ताठ मानेने दिले.

“तिथं काही नाही.”

“काहीच नाही? झाडं, पाणी, येणंजाणं?”

“येणंजाणं नाही. काही नाही.”

साहेबांनी मान डोलावली आणि लिहून घेतले. जबाब वाचून दाखवला. राखणदाराने त्याखाली अंगठा उठवला. वकीलबाईंनाही वाटले, खडकाळ उजाड जागा असेल, म्हणून त्याही काही बोलल्या नाहीत. मी मात्र टेबलावर पडल्या पडल्या थरथरत होतो. वर पंखा फिरत होता, म्हणून कुणाच्या ते लक्षात आले नाही.

पुढे एक मोजणीदार वर जाऊन जंगल मोजून आला, आणि मी कचेरीतल्या लोखंडी कपाटात जाऊन पडलो. मित्रांनो, तिथले दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. सुरुवातीचे कौतुक आठवडाभरात आटले. माझ्यावर एकेक फाइल येऊन बसली. कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल होती. ती पावलापावलाने माझ्याकडे सरकत होती. कसरीचे किडे शेजारच्या गठ्ठ्यात कुरतडत, आणि उद्या आपली पाळी, असे मोजत मी पडून राही. एका कारकुनाने तर आपला जेवणाचा डबा माझ्या टोकावर ठेवायची सवयच लावून घेतली. तेलाचा तो गोल डाग अजून माझ्या पूर्वेच्या डोंगरावर आहे.

पण खरी भीती ओलीची नव्हती. एके दुपारी तोच कारकून डबा ठेवता ठेवता शेजाऱ्याला म्हणाला, “त्या डोंगरवाल्यांचं काम झालं बघ. मसुदा तयार आहे. सगळं जंगल त्यांच्या नावावर.”

मला आनंद व्हायला हवा होता.

“सगळं?” शेजाऱ्याने विचारले.

“मधला तुकडा सोडून. तिथं काही नाही म्हणून त्यांनीच लिहून दिलंय. खडीवाल्यांनी तो मागितलाय. आत दगड चांगला आहे म्हणे.”

त्याने डबा उचलला, कपाट लावले आणि तो निघून गेला. मी आत मनातल्या मनात ओरडत होतो. माझ्या अंगावरचे पाचही ओढे त्या कोऱ्या जागेच्या कडेला येऊन थांबतात, हे कुणाला दिसू नये का? ओढे आकाशातून पडतात का? पण नकाशा किती ओरडला तरी कपाटाचे दार आपण होऊन उघडत नाही. आपल्यामुळे घात होणार आहे, आपल्यालाच ते आधी कळले आहे, आणि आपल्याला तोंड नाही! ते दिवस मी कसे काढले ते माझे मलाच माहीत.

मसुदा जाहीर झाला. हरकत घ्यायला तीस दिवस. वकीलबाईंनी मला कपाटातून सोडवून घेतले आणि धापा टाकत त्या वर चढल्या. बैठकीच्या घरात त्यांनी मला पसरले, शेजारी मसुदा ठेवला, आणि पेन्सिलीने त्या जागेभोवती हवेतच गोल काढला.

“हे तुमच्या हातून गेलं,” त्या म्हणाल्या. “खरं सांगा, इथं काय आहे?”

“तिथं काही नाही,” चारपाच जण सवयीने एकदम बोलून गेले, आणि मग एकमेकांकडे पाहून पांढरेफटक पडले.

वकीलबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “खालच्या रस्त्यावर यंत्र येऊन उभं आहे. मी त्याच्याजवळूनच चालत आले. फक्कीच्या रेघा मारल्यात त्यांनी वाटेवर. तुम्ही माझ्याशी खोटं का बोललात?”

“खोटं नाही, बाई,” कुरकुऱ्या म्हणाला. त्या दिवशी त्याच्या बोलण्यात कुरकुर नव्हती. “ही रीत आहे आमची. परक्याला असंच सांगायचं. ह्याच रीतीनं ते आजवर वाचलं.”

खोलीत गोंधळ माजला. कुणी म्हणाले, सांगून टाका. कुणी म्हणाले, सांगितले तर पाणी आटेल, ओढे मागे फिरतील, पूर्वी कुणी तरी सांगितले होते तर त्याची वाचा गेली होती. एक बाई तोंडाला पदर लावून रडू लागली. ती माणसे खडीवाल्यांना घाबरत होती आणि ‘आतल्या’लाही घाबरत होती, दोन्हींच्या मधे सापडली होती. आणि मी जमिनीवर पडलेला, सगळ्यांचे पाय माझ्या कडांवर, माझ्या पोटात ती कोरी जागा. इतकी भीती एकाच वेळी माझ्या अंगावर कधी सांडली नव्हती.

राखणदार कोपऱ्यात बसून होता. रीत अशी होती की ज्याने ‘आतलं’ उघडे केले तो राखणदार राहत नाही. त्याने पुन्हा कधी त्या जागेच्या कडेलाही फिरकायचे नाही. त्या म्हाताऱ्याला दुसरे आयुष्यच नव्हते. बायको गेली तेव्हाही तो तेराव्या दिवशी ‘आतल्या’च्या कडेची फेरी मारून आला होता, असे लोक सांगत.

तो उठला. “मी बोललो होतो,” तो म्हणाला. “निस्तरायचंही मीच.”

“बाबा, दुसरं कुणी सांगेल,” लेक म्हणाली.

“दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे?”

लेकीने रंगांच्या वाट्या फडक्यात बांधायला घेतल्या, आणि बांधताना गाठ तीनदा सुटली.

दुसऱ्या सुनावणीला खडीवाल्यांचा वकील आधीच येऊन बसला होता. त्याने राखणदाराचा जबाब मोठ्याने वाचला आणि अंगठा साहेबांना दाखवला. “हा आपला अंगठा नाही असं म्हणायचंय का यांना?” तो म्हणाला.

“माझाच आहे,” राखणदार म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला. “तेव्हा तुम्ही सांगितलं, तिथे काही नाही. आज म्हणता, आहे. मी कुठलं खरं धरू? तेव्हा खोटं का बोललात?”

“तुम्ही विचारलंत म्हणून,” राखणदार म्हणाला. “आजवर ते विचारणाऱ्यापासूनच राखलं.”

खोलीत कुणीतरी हसले. साहेब हसले नाहीत. “मग आज सांगा.”

राखणदाराने तोंड उघडले आणि त्याला शब्द फुटेना. चाळीस वर्षे ज्या गोष्टीभोवती जीभ आवरली, ती एकदम कशी सैल व्हावी? वाचा गेली की काय, असे मला वाटले. वस्तीतल्या माणसांनाही तेच वाटले असावे, कारण ती सगळी मागे सरकली. मग त्याने लेकीपुढे हात केला. तिने वाट्या सोडल्या आणि कुंचला त्याच्या हातात दिला. आयुष्यात त्याने कुंचला धरला नव्हता. त्याने तो काठीसारखा मुठीत धरला आणि तो माझ्यावर वाकला.

शाईचा पहिला थेंब त्या जागेवर पडला तेव्हा मी गारठून गेलो. तिथे मला आजवर रंग लागला नव्हता. त्याने एक निळा ठिपका काढला, मग दुसरा. पाच झरे. त्यांच्यामध्ये एक डोह. डोहाभोवती त्याने झाडे काढली, वेडीवाकडी, पोरांनी काढावीत तशी. आणि झाडांवर घरटी. घरटी काढायला त्याला फार वेळ लागला. एकेक आठवून काढत होता. त्याच्या डोळ्यांतले पाणी माझ्यावर पडत होते आणि शाई पसरत होती, आणि लेक फडक्याने ती टिपत होती.

“चित्र कुणीही काढेल,” खडीवाल्यांचा वकील म्हणाला.

तेव्हा मागच्या बाकावरून मोजणीदार उठला. जाडजूड, सतत घामाघूम असणारा माणूस. “साहेब, जरा बघू?” त्याने आपल्या गुंडाळीतून ट्रेसिंग पेपर काढला. त्यावर त्याने मोजलेले ओढे होते, माझ्याच मापाला बसवून शिशाच्या पेन्सिलीने काढलेले. तो पातळ कागद त्याने माझ्यावर ठेवला, बाहेरचे डोंगर जुळवले, आणि आत पाहिले. त्याचे पाचही ओढे कडेला तुटत होते. प्रत्येक तुटक टोकाच्या पुढे, जिथे ओढा सुरू व्हायला हवा होता नेमका तिथे, म्हाताऱ्याने काढलेला निळा ठिपका होता.

“हा कागद मी कुणाला दाखवलेला नाही,” मोजणीदार म्हणाला. “यांना तर नाहीच. खालच्या गावांचं पाणी इथून येतं, साहेब. मलाच तेव्हा लिहायला हवं होतं. यांनी काही नाही म्हणून सांगितलं आणि मी वळसा घालून गेलो.”

साहेब बराच वेळ माझ्यावर वाकून राहिले. या वेळी त्यांनी बोट टेकवले नाही.

निकाल लागला. तो तुकडा जंगलातच धरला गेला आणि सगळे जंगल त्या माणसांच्या नावाने दप्तरात चढले. वकीलबाईंनी हट्टाने आणखी एक ओळ लिहून घेतली: आतल्या भागाची फक्त कड दाखवायची, आतले काही कुठे उतरवून ठेवायचे नाही, आणि मूळ नकाशा वस्तीकडे परत द्यायचा. रस्त्यावरचे यंत्र दोन दिवसांनी निघून गेले. पाण्याच्या धारेने लोकांनी फक्कीच्या रेघा धुऊन काढल्या.

आता भीती संपली असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. शिक्क्याचा कागद बैठकीच्या घरात वाचून दाखवला तेव्हा माणसे रडली, हसली, आणि मग एकेक जण माझ्याकडे पाहू लागला. मी भिंतीवर होतो. माझ्या पोटात ‘आतलं’ उघडे पडलेले होते. झरे, डोह, घरटी, सगळे. दारातून येणाऱ्या कुणालाही दिसेल असे.

“जाळा,” कुरकुऱ्या हळूच म्हणाला. “हे राहता कामा नये.”

“पुरावा आहे तो,” वकीलबाई कळवळून म्हणाल्या. “उद्या कुणी खटला भरला तर?”

माझ्याबद्दल ते असे बोलत होते आणि मी ऐकत होतो. चूल तिथून पंधरा पावलांवर होती. मला माझे रंग आठवले, चार दिवसांचा तो गलका आठवला. मला जगायचे होते, मित्रांनो. यात लाजण्यासारखे काही नाही, असे मला आजही वाटते.

लेक घरात गेली आणि कात्री घेऊन आली. तिने मला भिंतीवरून उतरवले, मांडीवर घेतले, आणि आपल्या बापाने काढलेल्या चित्राभोवती कात्री चालवली. जिने मला घडवले तिनेच मला कापले. पाते गार होते आणि ते सावकाश फिरत होते. दुखले का? हो, दुखले. तेवढा तुकडा बाहेर आला, तिने तो हातात मिटून घेतला, कात्री दारातच ठेवली, आणि ती जंगलाच्या दिशेने चालू लागली. वस्तीने तिला आदल्या दिवशीच राखणदार नेमले होते.

तिचा बाप उंबऱ्यावर बसून होता. निकालाच्या दिवसापासून तो त्या वाटेला गेला नव्हता. दुपारभर तो तसाच बसला. चहा आणून दिला तो निवून गेला. उन्हे उतरताना लेक परत आली, रिकाम्या हाताने, पायाला ओला चिखल.

“पाणी आहे का गं?” त्याने विचारले. “आवाज येतो का अजून?”

लेक त्याच्यासमोर उभी राहिली. तिचे ओठ हलले. मग तिने ते मिटले. राखणदाराने बाहेर आल्यावर काय पाहिले ते कुणालाही सांगायचे नसते, आणि आता हा म्हातारा त्या ‘कुणालाही’मध्येच होता. तिने नुसते खाली बसून त्याच्या पायांवर हात ठेवला.

म्हाताऱ्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो म्हणाला, “बरोबर. मलासुद्धा सांगायचं नाही.” आणि निवलेला चहा त्याने हळूहळू पिऊन टाकला.

मित्रांनो, मी आता बैठकीच्या घरात भिंतीवर असतो. पोरे मला पाहून वाटा शिकतात. माझी भीती गेलेली नाही. शिक्क्याचा कागद पेटीत आहे, पण तो एका सहीने झाला, आणि दुसऱ्या सहीने रद्दही होऊ शकतो, हे कपाटात राहून आलेल्या मला चांगले ठाऊक आहे. कुणी मोटारीतून उतरले की मी आधी त्याच्या हातातले कागद पाहतो.

जुन्या वस्तू तुमच्याकडे सहसा एकच मागणे मागतात: आम्हाला सांभाळा, डागडुजी करा. माझे मागणे वेगळे आहे. कधी तुम्ही माझ्यासमोर आलात आणि माझ्या मधोमध पडलेले भोक पाहिलेत, तर हळहळू नका. त्याला ठिगळ लावायला कुणाला सांगू नका, आणि तिथे काय होते, हे त्या बाईला विचारू नका. तिला सांगता येणार नाही, आणि न सांगताना तिला फार त्रास होतो.